साडेसहाच्या बातम्या अजून हव्यात

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक बाई राहतात. वय ८४. आयुष्यभर शाळेत शिकवलं, नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला आहे आणि त्यावर पेनाने तीन आकडे लिहिलेत: २, ४, ७. म्हणजे सीबीएस, एनबीसी आणि एबीसी, देशभर दिसणारी तीन जुनी नेटवर्क. बाकीचे शेकडो चॅनल त्यांच्या लेखी नाहीतच. संध्याकाळी सहा वीसला सूप गरम करायचं, साडेसहाला ट्रे मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचं आणि सात वाजता टीव्ही बंद करायचा. हिवाळ्यात त्यांच्या दारासमोरचा बर्फ काढायला मी जातो, तेव्हा बहुतेक वेळा साडेसहा झालेले असतात. काम आटपलं की त्या आत बोलावतात, मीही पाच मिनिटं म्हणून बसतो आणि बातम्या संपेपर्यंत उठत नाही.

जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांना टोनी डोकुपिल हा नवा अँकर आला. बाईंनी चमचा खाली ठेवून पहिली दोन मिनिटं त्याला नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलगा बरा दिसतोय. हा किती दिवस?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. वॉल्टर क्रॉन्काइट एप्रिल १९६२ मध्ये या खुर्चीत बसले ते मार्च १९८१ मध्ये उठले. त्यांच्यानंतर डॅन रॅदर २४ वर्षं होते. आणि २०१७ पासून? स्कॉट पेली गेले. जेफ ग्लोर आले आणि दीड वर्षात गेले. नोरा ओ'डॉनेल साडेपाच वर्षं टिकल्या. मग जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिकरसन आणि मॉरिस डुबॉइस अशी जोडी बसवली, ती वर्ष पुरं व्हायच्या आत मोडली. आता डोकुपिल. दुखणं बरं होत नाही म्हणून दर खेपेला डॉक्टर बदलायचा आणि दुखतंय कुठे हे कोणालाच तपासू द्यायचं नाही, असं हे चाललंय.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेतल्या या अर्ध्या तासाच्या बातम्यांची गरज संपलेली नाही. मी या देशात आलो तेव्हा होती त्याहून ती आज जास्त आहे. पण ती गरज अँकर भागवत नसतो. जिथे घटना घडली तिथे जाऊन उभा राहणारा बातमीदार, आणि त्याच्या बातमीला हात न लावणारा मालक, या दोघांवर सगळं अवलंबून आहे. नवा चेहरा आला की चर्चा त्याच्या कोटाची, आवाजाची, टीआरपीची होते आणि या दोघांकडे कोणी बघत नाही. मला त्याची चिंता वाटते.

"आता हे बघतं कोण?" असं माझी मुलगी विचारते, आणि तिच्या वयाच्या कोणालाही विचारलं तर हाच प्रश्न येईल. आकडे तिच्या बाजूचे आहेत. १९८० मध्ये तिन्ही नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्या मिळून ५ कोटींहून जास्त लोक रोज बघत. तेव्हा देशाची लोकसंख्या साडेबावीस कोटींच्या आसपास होती. आज ती ३४ कोटींच्या घरात गेलीय आणि प्रेक्षक दोन कोटींच्या आत आलेत. त्याच १९८० च्या १ जूनला सीएनएन सुरू झालं, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आलं, मग इंटरनेट, मग खिशातला फोन. घसरण व्हायचीच होती.

पण उरलं किती तेही बघा. रोज रात्री पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं. एबीसीवर डेव्हिड म्युअर यांचं एकट्याचं बातमीपत्र केबलवरच्या बातम्यांच्या कुठल्याही नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा जास्त लोक बघतात. देशभर ज्यांची चर्चा होते, ज्यांच्या आरडाओरड्याच्या क्लिपा फिरतात, ते केबलचे कार्यक्रम याच्या निम्म्यावर असतात. आणि हे फुकट आहे. खिडकीत अँटेना लावला की दिसतं, कुठलंही बिल भरावं लागत नाही. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लोक आपसूक इकडे वळले. एबीसी आणि एनबीसीची बातमीपत्रं प्रत्येकी एक कोटीच्या पुढे गेली. इतक्या वर्षांत मेलेली म्हणून सांगितलेली गोष्ट संकट आल्यावर लाखो घरांत पुन्हा लागली, याचा अर्थ लोकांना ती कुठे आहे हे ठाऊक होतं.

लोक तिकडे का वळले याचं माझं उत्तर असं. फोन मला जे आवडतं ते आणून देतो. साडेसहाच्या बातम्या मी न मागितलेलंही समोर ठेवतात. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात जेमतेम २२ मिनिटं उरतात, आणि त्यात कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की आज हे महत्त्वाचं, ते नाही. ती निवड चुकते, पुष्कळदा चुकते. पण ती सगळ्यांसाठी एकच असते. बाईंचा एक भाचा पेनसिल्व्हेनियात ट्रक चालवतो. मतं अगदी उलटी. थँक्सगिव्हिंगला दोघांचं असं वाजतं की जेवण थंड होतं. तो जे व्हिडिओ बघतो ते बाईंनी कधी पाहिलेले नसतात, आणि बाई जे वाचतात ते त्याला खोटं वाटतं. पण जुलै २०२५ मध्ये टेक्सासात ग्वाडलूप नदीला पूर आला, मुलींचं शिबिर त्यात सापडलं, तेव्हा दोघांनी तीच दृश्यं, तीच माणसं पाहिली होती. फोनवर अर्धा तास बोलले. इशारा वेळेत का मिळाला नाही यावर त्यांचं एकमत झालं नाही, पण दोघं भांडत होते ते एकाच घटनेबद्दल. आज हेही कमी नाही.

आता खुर्चीबद्दल. आपल्याकडे मराठीत 'वृत्तनिवेदक' म्हणतात, म्हणजे बातम्या सांगणारा. अमेरिकेतला अँकर त्याहून मोठा असतो, निदान असायचा. क्रॉन्काइट स्वतःच्या बातमीपत्राचे मॅनेजिंग एडिटरही होते. काय घ्यायचं, किती घ्यायचं यात त्यांचा शब्द चालायचा. म्हणून इथे अँकरच्या नावाने बातमीपत्र ओळखतात आणि म्हणूनच सगळा भरवसा त्या एका माणसावर टाकायची सवय लागली.

ही सवय किती फसवी आहे हे मला दूरदर्शनने शिकवलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. संध्याकाळच्या मराठी बातम्यांना आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनी तिथे बातम्या वाचल्या, पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज तर घरातल्या माणसाचा झाला. वडील आम्हाला सांगायचे, 'ळ' कसा म्हणायचा ते ऐका. त्या आवाजांवर आमचं प्रेम होतं आणि ते रास्त होतं. पण आणीबाणीत दूरदर्शनवरचे उच्चार तितकेच स्वच्छ होते आणि बातमी मात्र सरकारची होती. तुरुंगात कोण आहे, दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडताना काय झालं, हे त्या सुंदर मराठीतून आम्हाला कळलं नाही. वाचणाऱ्याचा यात दोष नव्हता. त्याच्या हातात कागद दुसराच कोणीतरी देत होता.

अमेरिकेत सरकारचं चॅनल नाही, इथे असं होत नाही, असं इथले लोक छातीवर हात ठेवून सांगतात. त्यांना मी १९७२ चा ऑक्टोबर आठवून देतो. वॉटरगेटचं प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसात शिरलेल्या चोरट्यांचे धागे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांपर्यंत पोचल्याचं, तोवर मुख्यतः वॉशिंग्टन पोस्ट हे वर्तमानपत्र एकटं लढवत होतं, आणि टीव्हीवाल्यांना त्यात दाखवण्यासारखं चित्र सापडत नव्हतं. क्रॉन्काइट यांनी २७ ऑक्टोबरच्या बातमीपत्रात सलग १४ मिनिटं वॉटरगेटला दिली. २२ मिनिटांतली १४! निवडणूक दीड आठवड्यावर होती. दुसरा भाग तेवढाच मोठा होणार होता. निक्सन यांचे सहायक चार्ल्स कोल्सन यांनी सीबीएसचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांना फोन केला. दुसरा भाग दाखवला गेला, पण कापून आठेक मिनिटांचा झाला. खुर्चीत खुद्द क्रॉन्काइट होते, त्यांच्या कीर्तीचा तो ऐन बहर होता, आणि तरीही मालकाच्या टेबलावरचा एक फोन त्यांच्या बातमीपर्यंत पोचला. मला त्या कापलेल्या मिनिटांपेक्षा वाचलेली मिनिटं मोठी वाटतात, कारण संपादकांनी धरून ठेवलं म्हणून ती वाचली. पण इतकी ताणाताणी त्या सुवर्णकाळातही होती हे विसरून 'तसा माणूस पुन्हा हवा' म्हणणं बरोबर नाही.

क्रॉन्काइट यांच्याभोवतीची बरीचशी कहाणी नंतर रचलेली आहे. 'अमेरिकेतला सर्वात विश्वासार्ह माणूस' ही पदवी १९७२ च्या ज्या पाहणीतून आली, तिथे लोकांना राजकारण्यांच्या यादीत त्यांचं नाव घालून विचारलं होतं. राजकारण्यांपुढे बातमीदार उजळ दिसणारच. व्हिएतनामवरच्या त्यांच्या फेब्रुवारी १९६८ च्या कार्यक्रमानंतर 'क्रॉन्काइट गेला म्हणजे देश गेला' अशा अर्थाचं काही अध्यक्ष जॉन्सन म्हणाले, असं वर्षानुवर्षं सांगतात. तो कार्यक्रम चालू होता तेव्हा जॉन्सन टेक्सासात गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. मला त्या कार्यक्रमातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. व्हिएतनाममधल्या कम्युनिस्टांच्या टेट हल्ल्यानंतर क्रॉन्काइट स्वतः उठून व्हिएतनामला गेले, लढाई चालू असलेल्या ह्यूए शहरात हिंडले आणि परत येऊन म्हणाले की हे युद्ध कोंडीत सापडलंय. स्टुडिओतून म्हणाले असते तर ते एक मत झालं असतं.

खुर्चीच्या भरवशावर सगळं टाकण्याचा सर्वात मोठा प्रयोग सप्टेंबर २००६ मध्ये झाला. कॅटी कुरिक यांना सीबीएसने आणलं. संध्याकाळच्या नेटवर्क बातम्या एकटीने सांभाळणारी पहिली बाई. पगार वर्षाला दीड कोटी डॉलर असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. पहिल्या रात्री १ कोटी ३६ लाखांच्या आसपास लोकांनी बघितलं. त्या रात्री पाहुण्यांच्या मतांचं एक सदर सुरू केलं आणि टॉम क्रूझ यांच्या तान्ह्या मुलीचा फोटो दाखवला. थोड्याच आठवड्यांत बातमीपत्र पुन्हा तिसऱ्या नंबरवर आलं आणि ते सदरही लवकरच गुंडाळलं. टीकाकारांनी त्यांच्या कपड्यांवर, पायांवर, हसण्यावर लिहिलं. पुरुष अँकरबद्दल कोणी असलं लिहीत नाही आणि ते लिहिणाऱ्यांची मला अजून चीड आहे. पण सप्टेंबर २००८ मध्ये सारा पेलिन यांची त्यांनी घेतलेली मुलाखत आठवा. तुम्ही कुठली वर्तमानपत्रं वाचता, हा साधा प्रश्न. तयारी करून, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा विचारलेला. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला एकाही वर्तमानपत्राचं नाव घेता आलं नाही. कुरिक यांचं मोल त्या कामात दिसलं. जाहिरातीवर केलेला खर्च मला वायाच गेलेला वाटतो.

आणि खुर्चीवर ओतायचा हा पैसा कुठून निघतो? १९८५-८६ मध्ये तिन्ही नेटवर्कचा ताबा नव्या मालकांकडे गेला. सीबीएस लॉरेन्स टिश यांच्या हाती आलं. मार्च १९८७ मध्ये बातम्यांच्या विभागातली दोनशेहून जास्त माणसं एका फटक्यात काढली. त्यात देशाबाहेरचे आणि देशातल्या लांबच्या शहरांतले बातमीदार होते. खुर्चीत तेव्हा रॅदर होते, सर्वात बलवान अँकर. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपल्या नावाने लेख लिहून या कपातीवर टीका केली. माणसं गेली ती गेलीच. नेटवर्कची परदेशातली ऑफिसं पुढे एकेक करून बंद होत गेली किंवा एका माणसावर आली. म्हणून आज एखाद्या देशात उठाव झाला की पहिली बातमी लंडनच्या गच्चीवर उभा असलेला माणूस सांगतो आणि मागे दुसऱ्याने काढलेली दृश्यं चालतात. प्रेक्षकाला हे कळतं. शब्दांत सांगता येत नसलं तरी कळतं, आणि विश्वास तिथून गळायला लागतो.

डोकुपिल काम सुरू करण्याआधी प्रेक्षकांशी जे बोलले ते मी लक्ष देऊन ऐकलं. बऱ्याच बातम्यांत माध्यमांना खरी गोष्ट दिसलीच नाही, विद्वानांच्या आणि वरच्या वर्तुळातल्या लोकांच्या विश्लेषणाला फार महत्त्व दिलं आणि सामान्य माणसाला कमी, असा त्यांचा सूर होता. यातलं अर्धं मला पटतं. ओहायोतल्या कारखान्याच्या गावात काय चाललंय हे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत खरंच कळत नव्हतं. पण ते कळत नव्हतं याचं कारण तिथे राहणारा बातमीदार १९८७ पासून कमी होत गेला. विद्वानांना कमी बोलावलं म्हणून तो परत येत नाही. विषाणू, कर, नदीचा पूर यांतलं ज्याला कळतं त्याला विचारणं हा प्रेक्षकाचा अपमान नाही. आमच्या शेजारच्या बाईंनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्या सामान्य प्रेक्षकच आहेत, आणि त्यांना जाणकार माणूस ऐकायचा असतो.

नव्या अँकरहून मोठे बदल त्या आधीच्या सहा महिन्यांत झाले होते. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, अध्यक्ष ट्रम्प यांनी 'सिक्स्टी मिनिट्स' या सीबीएसच्या साप्ताहिक वृत्त-कार्यक्रमावरून लावलेला खटला मिटवायला १ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. कंपनी विकायची होती आणि विक्रीला सरकारी मंजुरी लागणार होती. ऑगस्टमध्ये ती स्कायडान्स या चित्रपट कंपनीकडे गेली. ऑक्टोबरमध्ये बारी वाइस बातम्यांच्या मुख्य संपादक झाल्या. डिसेंबरमध्ये ट्रम्प सरकारने एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवलेल्या माणसांवरचा 'सिक्स्टी मिनिट्स'चा वृत्तांत, जाहिराती होऊन गेल्यावर, ऐनवेळी थांबवला. संपादक म्हणाल्या, अजून काम हवं होतं. तो तयार करणाऱ्या बातमीदार शॅरिन अल्फॉन्सी म्हणाल्या, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि हा निर्णय राजकीय आहे. जानेवारीत तो दाखवला गेला. मला बातमीदार बाईंचं म्हणणं जास्त पटतं, कारण ज्या कंपनीने नुकतेच अध्यक्षांचा खटला मिटवायला पैसे दिलेत तिने अध्यक्षांना अडचणीची बातमी अडवली तर शंकेचा फायदा तिला मिळायला नको. कोल्सन यांना १९७२ मध्ये फोन करावा लागला होता. आता तर फोनचीही गरज उरली नाही, याचं मला खरं भय वाटतं.

जाहिरातींचंही बोललं पाहिजे. बाईंकडे बसलं की मधुमेह, सांधेदुखी, सोरायसिस, हृदय, एकामागून एक. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं टीव्हीवर थेट विकायला अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर बहुतेक देशांत बंदी आहे. इथे १९९७ मध्ये नियम सैल झाले आणि साडेसहाच्या बातम्या त्या पैशावर तगल्या. प्रेक्षक म्हातारे, म्हणून जाहिराती औषधांच्या. जाहिराती औषधांच्या, म्हणून तरुण माणूस दोन मिनिटांत उठतो. माझी मुलगी तशीच उठते. पण तीच मुलगी कुठल्याशा शहरातल्या बातमीदाराने फोनवर काढलेला आठ मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघते, जर तो माणूस तिथे असेल तर. अर्धा तास तिला लांब वाटत नाही, स्टुडिओतलं बोलणं लांब वाटतं. नेटवर्ककडे अजूनही पैसा आहे, कॅमेरे आहेत, वकील आहेत, गावोगावची दोनशेच्या आसपास संलग्न केंद्रं प्रत्येकाकडे आहेत. कोणा एकट्या मुलाकडे हे नाही. एका अँकरला मिळतं त्यात किती गावांत किती बातमीदार बसतील, हा हिशोब मालकांनी एकदा करून बघावा असं मला कळकळीने वाटतं.

परवा पुन्हा बर्फ पडला. मी फावडं दाराशी टेकवून आत गेलो तेव्हा बातम्या चालू होत्या. एक तरुण बातमीदार मुलगी बंद झालेल्या कारखान्याच्या फाटकापाशी उभी होती. डोक्यावर टोपी, नाक लाल, श्वासाची वाफ माइकवर. तिच्या शेजारचा कामगार हातातला डबा या हातातून त्या हातात घेत सांगत होता की सकाळी येईपर्यंत त्याला कोणी कळवलंच नव्हतं. ती मध्ये बोलली नाही. तो थांबला, पुन्हा बोलायला लागला. बाईंनी रिमोट उचलून आवाज वाढवला आणि मला हाताने बस म्हणून खुणावलं. तो वृत्तांत संपला, पडद्यावर अँकर परत आला, तेव्हा त्या गार झालेलं सूप पुन्हा गरम करायला उठल्या.